हात कोणाचा? : उंदरांची पिल्ले, इटियाडोह आणि सहा वर्षांची मुले

१/
इतिहासाच्या विद्यार्थिनीने उंदरांच्या पिल्लांविषयी लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. तरीही हा धागा शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती. लहान जीव आपल्या माणसांपासून तोडला गेला की त्याच्या रक्तात काय घडते, याची नोंद प्रयोगशाळांनी मिनिटामिनिटाने ठेवली आहे. त्याच दशकांत आपण सहा-सहा वर्षांच्या मुलांना घरापासून दूर नेले आणि ती सारी घटना ‘पटसंख्या’ या एका शब्दात उरकली. माझा वाद या उरकण्याशी आहे. त्यात विज्ञानाचा गैरवापर करणारे जसे येतात, तसे आपण इतिहासवालेही येतो.

२/
निमित्त एका फिरत्या चित्रफितीचे. ‘उंदरांवर सिद्ध झाले आहे, आईपासून दूर वाढलेले मूल आयुष्यभरासाठी बिघडते,’ असे तीत ठणकावून सांगितले होते. खाली प्रतिक्रियांत दुसरा पक्ष तितक्याच आवेशाने उभा होता : ‘आम्ही वसतिगृहात वाढलो, म्हणून कणखर झालो.’ दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि दोहोंची चूक एकच आहे. वियोग किती वेळाचा होता, कोणत्या वयात झाला, कोणी घडवला आणि त्यानंतर परतणे झाले की नाही, हे चार प्रश्न कोणीच विचारले नाहीत. हे चारही प्रश्न मुळात इतिहासाचे आहेत.

३/
आधी जागा सांगते. इटियाडोह. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. गोठणगावाजवळ गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास उभे राहिलेले मातीचे धरण. त्याच्या पाण्यावर गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील धानाच्या बांध्या भिजतात. या परिसरात गोंड आणि हलबांची गावे आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत आणि १९७२ साली वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहतही आहे. घरापासून तुटण्याचे इतके प्रकार एका तालुक्यात क्वचित सापडतील. आणि या भूमीचा इतिहास शोधू गेले की हाती काय येते? धरणाची उंची, साठवण क्षमता, कालव्याची लांबी.

४/
माझा हितसंबंधही आताच सांगून टाकते, कारण तो लपवून केलेला वाद अप्रामाणिक ठरेल. मी याच कालव्याच्या काठच्या एका गावची. सहाव्या वर्षी पत्र्याच्या पेटीसह मला आश्रमशाळेत पोहोचवले गेले. शाळेचे नाव सांगणार नाही. माझी तक्रार कोणा एका शाळेविरुद्ध किंवा व्यक्तीविरुद्ध नाही. त्या शाळेने मला वाचायला शिकवले आणि आज मी हा धागा लिहू शकते, हे तिचे ऋण आहे. परंतु ऋण मान्य केले म्हणजे हिशेब मागण्याचा अधिकार संपत नाही.

५/
आता प्रयोगशाळेत जाऊ. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. थंडी, इजा, विष, अतिश्रम, अशा निरनिराळ्या आघातांना उंदरांचे शरीर एकाच ठरावीक पद्धतीने उत्तर देते आणि त्यात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सुजतात, हे त्यांनी दाखवले. पुढे ही साखळी उलगडत गेली : मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, ती अधिवृक्क ग्रंथींना देते आणि त्या रक्तात संप्रेरक सोडतात. माणसांत आणि गिनीपिगांत ते मुख्यतः कॉर्टिसोल असते, उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन.

६/
हे संप्रेरक शत्रू नाही. संकटात शरीराला साखर आणि सावधपणा तेच पुरवते. धोका असतो तो थांबण्याची यंत्रणा कमकुवत होण्यात. इटियाडोहच्या कालव्याचे उदाहरण घ्या : बांधीत पुरेसे पाणी आले, हे कळल्यावरच दार खाली येते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातील ग्राही नेमके हेच काम करतात. रक्तातील संप्रेरक ओळखून ते ‘आता पुरे’ असा निरोप पाठवतात. ग्राही कमी असतील तर निरोप उशिरा जातो, दार उघडेच राहते आणि जे पाणी पिकाला हवे होते तेच पिकाला कुजवते.

७/
१९५७ साली सेमूर लेव्हिन यांनी ‘सायन्स’मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो सर्वांच्या अपेक्षेच्या उलट होता. ज्या पिल्लांना रोज काही मिनिटे घरट्यातून उचलून वेगळे ठेवले आणि परत केले, ती मोठेपणी ताणाला अधिक सौम्य प्रतिसाद देणारी निघाली. ज्यांना कोणी हातही लावला नव्हता, तीच अधिक घाबरट ठरली. ‘वियोगाने माणूस कणखर होतो’ म्हणणाऱ्यांना येथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. त्यांनी थोडे थांबावे. प्रयोगाची पुढची चाळीस वर्षे अजून उरली आहेत.

८/
वियोग ताणून पाहिला गेला. पंधरा मिनिटांऐवजी रोज तीन तास. १९९३ साली पॉल प्लॉट्स्की आणि मायकेल मीनी यांनी दाखवले की रोज तीन तास दूर ठेवलेली पिल्ले मोठी झाल्यावर लहानशा त्रासालाही कॉर्टिकोस्टेरॉनचा अधिक मोठा लोंढा सोडतात. हात तोच, पिंजरा तोच, वय तेच. बदलला तो केवळ अवधी, आणि परिणाम उलटा झाला. ‘वियोग चांगला की वाईट’ हा प्रश्नच म्हणून पोकळ आहे. किती वेळ, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही.

९/
पण पंधरा मिनिटांचा वियोग लाभदायक का ठरला? उत्तर वियोगात नव्हते. पिल्लू परत घरट्यात आले की आई त्याला नेहमीपेक्षा अधिक चाटते, कुरवाळते. १९९७ साली मीनी यांच्या गटाने दाखवले की लहानपणी ज्यांना आईचे चाटणे अधिक लाभले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्राही अधिक होते आणि ताणात त्यांचे संप्रेरक कमी उसळत होते. ज्याला आपण कणखरपणा म्हणतो, तो दूर जाण्याने आला नव्हता. तो परत येण्याने आला होता. वसतिगृहाच्या समर्थनार्थ लेव्हिन उद्धृत करणाऱ्यांनी आधी सांगावे : तुमच्या व्यवस्थेत ‘परत’ कधी येते? दिवाळीला?

१०/
आणखी एक सूक्ष्म गोष्ट. जन्मानंतरच्या चौथ्या दिवसापासून साधारण चौदाव्या दिवसापर्यंत उंदराच्या पिल्लाची ही ताण-यंत्रणा जवळजवळ निद्रिस्त असते. अनेक त्रास दिले तरी संप्रेरक फारसे वाढत नाही. हा शांतकाळ पिल्लाच्या अंगचा गुण असावा, असे प्रथम वाटले होते. मग लेव्हिन आणि सहकाऱ्यांना आढळले की आईला चोवीस तास दूर ठेवले की ही शांतता मोडते; आणि पिल्लाला मधूनमधून ओल्या ब्रशने चोळले व दूध दिले की ती पुष्कळशी टिकते. शांतता पिल्लाच्या शरीरात होती, परंतु तिची राखण आईच्या स्पर्शाकडे होती.

११/
मायरन होफर यांनी १९७० च्या दशकात हे अधिक बारकाईने उलगडले. आईची ऊब पिल्लाच्या हालचालींचे नियमन करते, दूध हृदयाच्या ठोक्यांचे, स्पर्श आणखी कशाचे. आपण ज्याला ‘आई’ असे एका शब्दात म्हणतो, तो अनेक अदृश्य दोऱ्यांचा गोफ असतो. वियोग म्हणजे हे सर्व दोरे एकदम कापणे. १९७८ साली सिंथिया कून आणि सॉल शॅनबर्ग यांच्या गटाने दाखवले की आईपासून दूर केलेल्या पिल्लांत वाढीचे संप्रेरकही घटते. म्हणजे वियोगाची नोंद भावनेच्या आधी शरीराच्या वाढीत उमटते.

१२/
‘हे सारे परदेशी’ असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचा दाखला. कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने याच विषयावर दीर्घ काम केले आहे. २०१३ साली त्यांच्या गटाने मांडलेला निष्कर्ष मला सर्वाधिक अस्वस्थ करतो. लहानपणी आईपासून रोज दूर ठेवलेले उंदीर ऐन तारुण्यात शिकण्याच्या काही चाचण्यांत इतरांहून सरस ठरले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशीही अधिक बनत होत्या. मात्र मध्यमवयात चित्र उलटले. तेथे ते मागे पडले. उत्तेजन आधी आले, त्याची किंमत नंतर वसूल झाली.

१३/
उंदराचे मध्यमवय आणि माणसाचे मध्यमवय यांत मी बरोबरीचे चिन्ह घालणार नाही. परंतु हा निष्कर्ष एका पद्धतीवर नेमके बोट ठेवतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी चार गुणवंतांना व्यासपीठावर उभे करून ‘बघा, व्यवस्था यशस्वी’ असे जाहीर केले जाते. सोळाव्या वर्षी हिशेबाची वही बंद करणारा हिशेबनीस कोणत्याही दुकानात टिकला नसता. चाळिशीतल्या माजी विद्यार्थ्यांची झोप, रक्तदाब, व्यसने, त्यांची नाती यांची विचारपूस कोणत्या गौरवांकात सापडते?

१४/
आता चित्रफितवाल्यांचा समाचार. ‘आयुष्यभरासाठी बिघडते’ हे विधान उंदरांनीच खोडून काढले आहे. १९९९ साली पिल्ले जन्मताच आयांमध्ये अदलाबदल करून पाहिले गेले : कमी चाटणाऱ्या आईचे पिल्लू अधिक चाटणाऱ्या आईकडे वाढले की ते तिच्यासारखेच होते. २००४ साली यामागची रासायनिक खूण, म्हणजे ग्राहीच्या जनुकावर बसणारा मिथाइल गट, दाखवली गेली. आणि तीही बदलता येते, हेही त्याच शोधनिबंधात होते. २००२ साली आढळले की दीर्घ वियोग सोसलेल्या उंदरांना दूध तुटल्यावर प्रशस्त, सोबत्यांनी भरलेला पिंजरा दिला की त्यांचा वाढीव ताण-प्रतिसाद निवळतो. जखम खरी असते आणि उपचारही खरा असतो.

१५/
शिवाय माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. रुमानियातील अनाथालयांतील १३६ मुलांचा बुखारेस्ट प्रकल्प २००० साली सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही मुलांना पालक-कुटुंबे मिळाली, काही संस्थेतच राहिली. २०१५ साली या मुलांचा ताण-प्रतिसाद मोजला, तेव्हा संस्थेत वाढलेल्यांचे कॉर्टिसोल उसळण्याऐवजी दबलेले, जणू बोथट झालेले आढळले. साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचा प्रतिसाद मात्र इतर मुलांसारखा होता. म्हणजे दिशासुद्धा उंदरावरून थेट उचलता येत नाही. यंत्रणा जुळते, सूत्र जुळेलच असे नाही.

१६/
आणखी एक कबुली मीच देते. उंदराचे पहिले दोन आठवडे आणि मुलाचे सहावे वर्ष यांची बरोबरी होऊ शकत नाही. म्हणून गिनीपिगांकडे वळू. हे पिल्लू डोळे उघडून, अंगावर केस घेऊन जन्मते आणि काही दिवसांत घन अन्न खाऊ लागते. त्याला एकट्याला नव्या पिंजऱ्यात ठेवले की पोट भरलेले असूनही, ऊब असूनही कॉर्टिसोल वाढते. आई जवळ असेल तर ते कमी वाढते. आईऐवजी एखादी प्रौढ मादी असेल तरी काही प्रमाणात आवर बसतो. मायकेल हेनेसी यांनी हे वर्षानुवर्षे अभ्यासले. ‘दोन वेळचे जेवण मिळते ना, मग काय हवे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या पिंजऱ्यात आहे.

१७/
त्याच प्रयोगांतले एक दृश्य. वेगळे केलेले पिल्लू प्रथम सारखे हाका मारते. तासाभराने हाका कमी होतात. मग ते पाठ वाकवून, केस फुलवून, डोळे मिटून बसते. पाहणाऱ्याला वाटेल, शांत झाले. संशोधकांच्या मते मात्र ही आजारी पडल्यासारखी अवस्था आहे. आमच्या शाळेत नव्या मुली पहिला आठवडा रडत. मग एके रात्री रडणे थांबे आणि अधीक्षिका वहीत डोके घालूनच म्हणत, ‘रुळली.’ मीही अशीच एका रात्री रुळले. तो शब्द मी पुढे कितीतरी वर्षे कौतुकाचा समजत होते.

१८/
हा शब्द केवळ आमचा नाही. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण केले. तेव्हा पालकांना भेटण्याची मुभा अत्यल्प असे. मूल प्रथम आकांत करते, नंतर खिन्न होते, शेवटी अलिप्त होते. आणि या अलिप्ततेलाच परिचारिका ‘रुळणे’ समजतात, हे त्यांनी दाखवून दिले. डॉक्टरांना हे रुचले नाही. तरी १९५९ साली ब्रिटनमध्ये प्लॅट समितीने पालकांच्या भेटीवरील निर्बंध सैल करण्याची शिफारस केली. रुग्णालयाची भिंत एका चित्रपटाने हलवली. आपल्या आश्रमशाळांचा असा चित्रपट कोणता?

१९/
येथे एक सापळा आहे. या सगळ्या संशोधनाला ‘मातृवियोग’ असे नाव पडले आणि लगेच बोट आईकडे वळले : नोकरी करणारी आई, विटभट्टीवर जाणारी आई, ‘मुलांकडे लक्ष न देणारी’ आदिवासी आई. हे वाचन लबाडीचे आहे. पिंजऱ्यातली आई स्वतःहून गेलेली नसते. तिला कोणीतरी उचलून बाजूला ठेवलेले असते. शोधनिबंधात हे प्रामाणिकपणे लिहिलेले असते : कोणत्या दिवसापासून, किती मिनिटे, किती तापमानात, कोणी. प्रयोगाच्या मध्यभागी आई नाही, एक हात आहे. इतिहासाने विचारायचा प्रश्न हाच : हात कोणाचा?

२०/
इटियाडोहच्या काठावरील तिबेटी वसाहतीकडे या प्रश्नासह पाहा. १९५९ नंतर आलेले निर्वासित डोंगरांत रस्ते बांधण्याच्या कामावर होते आणि त्या छावण्यांत मुलांचे हाल होत होते. १७ मे १९६० रोजी ५१ मुले धरमशाळेत आली आणि दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ स्वीकारला. पुढे धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी त्या पाळणाघराचे तिबेटी बालग्राम घडवले. येथे वियोगाने जीव वाचवले, हे मान्य करायलाच हवे. मात्र त्यांनी मुलांना लांबलचक दालनात ओळीने झोपवण्यावर भागवले नाही. घरे बांधली आणि प्रत्येक घराला एक आई दिली. वियोग टाळता येत नसेल, तर काय टाळता येते, याचा हा धडा आहे.

२१/
त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात दीडशेच्या आसपास तिबेटी मुले स्वित्झर्लंडमधील कुटुंबांत ठेवली गेली. त्यांतील अनेक अनाथ नव्हती. त्यांचे पालक हयात होते. हेतू उदात्त होता, घरे सुखवस्तू होती. तरी मोठेपणी त्यांतील काहींनी आपली दुभंगलेली भाषा आणि हरवलेल्या आया यांविषयी जाहीरपणे सांगितले. उदात्त हेतूने हाताचे अस्तित्व पुसले जात नाही.

२२/
आता आश्रमशाळा. १९२० च्या दशकात ठक्कर बाप्पांनी भिल्ल मुलांसाठी केलेल्या कामात या कल्पनेची मुळे आहेत. महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून शासनाने ती व्यापक केली. आज शासकीय आणि अनुदानित मिळून अशा शाळा हजाराच्या घरात आहेत. समर्थकांचा युक्तिवाद दुबळा नाही : पाडे विखुरलेले, पावसाळ्यात नाले भरलेले, पालक कामासाठी स्थलांतरित, घरी दिवा नाही, पुस्तक नाही. माझ्या आईवडिलांपुढे दुसरा पर्याय नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. मी विचारते आहे की पर्याय का नव्हता.

२३/
कारण पर्याय याच महाराष्ट्रात, याच भाषेत मांडून झाला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. वारली मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात जाईल, ही अंगणवाडी. मूल गुरे चारायला जाते, तर शाळा कुरणात भरेल, ही कुरणशाळा. हलवायचे काय, मूल की शाळा, या प्रश्नाचे उत्तर त्या दोघींनी सात-आठ दशकांपूर्वी दिले. आपण ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिले आणि त्यांचे उत्तर बाजूला ठेवले.

२४/
‘आदिवासी समाजातही मुले आईवडिलांपासून दूर झोपतच होती की,’ असे म्हणत गोटुलचा दाखला देणारे भेटतात. दाखला उत्तम आहे, पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. गडचिरोली-बस्तर पट्ट्यातील गोटुल गावातच असतो. भाषा तीच, गाणी तीच, सकाळी घर तेथेच. तो पंधरा मिनिटांचा प्रयोग आहे. आश्रमशाळा तीन तासांचा. गोटुल रोज परत करतो.

२५/
हा वाद जुना झालेला नाही. आदिवासी मुलांना पहिलीपासून नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत, अनेकदा जिल्ह्याबाहेर, पाठवण्याची योजना चालू आहे. दुसरीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांना समूह शाळेत विलीन करण्याची भाषा शासनाने २०२३ साली केली. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यानुसार महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पाड्यावरची शाळा बंद करायची आणि मग ‘पालक स्वतःहून वसतिगृहात घालतात’ असे म्हणायचे, हा हात लपवण्याचाच प्रकार आहे.

२६/
माझी मागणी मोजकी आहे. दहा वर्षांखालील मुलासाठी शाळा गावातच हवी. पट किती, हा प्रश्न नंतर. जेथे निवास अटळ आहे, तेथे लहान गट, मुलाची भाषा बोलणारी कायमची सांभाळकर्ती आणि पंधरा दिवसांनी घरी जाण्याचा हक्क. हे उंदरांनी सिद्ध केले म्हणून नव्हे. वियोग म्हणजे काहीच नाही, या सबबीतले विज्ञान आता उरले नाही म्हणून.

२७/
आता आपल्याकडे, इतिहासवाल्यांकडे. आपली वाक्ये तपासा : ‘विस्थापन झाले.’ ‘मुले दाखल झाली.’ ‘वसाहत स्थापन झाली.’ कर्ता कोठेच नाही. उंदरांवरील सामान्यात सामान्य शोधनिबंधात पद्धतीचा एक भाग असतो आणि त्यात हाताची नोंद असते. आपल्या ग्रंथांत ती नसते. शरीर हा आपला विषय नाही, असे आपल्याला शिकवले जाते. पण मुलाच्या शरीराइतके जुने दप्तर कोणत्या अभिलेखागारात आहे?

२८/
म्हणून वाचकांनो, एक काम. आपापल्या गावात, नात्यात वसतिगृहात वाढलेली माणसे असतील. त्यांना ‘कसे होते?’ असे विचारू नका. ‘चांगले होते’ असेच उत्तर येईल. चार नेमके प्रश्न विचारा. घर सोडले तेव्हा वय किती होते? अंतर किती होते? पोहोचवायला कोण आले होते? आणि पहिल्यांदा घरी परत आलात, तो दिवस कोणता?

२९/
हे चार प्रश्न मी माझ्या आईला विचारले. पहिल्या तिन्हींची उत्तरे तिने लगेच दिली. चौथ्याला ती म्हणाली, ‘पोळ्याला आणलं होतं तुले. तू दारातच उभी राहिलीस, पाहुण्यासारखी.’ मला त्यातले काही आठवत नाही. शाळेच्या दप्तरात माझ्या दाखल होण्याची तारीख आहे. परत येण्याची तारीख केवळ आईजवळ आहे.